कॅसेटमधलं तिसरं हसू

आमच्या दुकानावर पाटी होती : 'अक्षता रेकॉर्डिंग सेंटर. येथे कॅसेट भरून मिळतील.' कोरेगावच्या एसटी स्टँडबाहेर एका अंगाला चहाचं हॉटेल, दुसऱ्या अंगाला एसटीडी बूथ आणि मधल्या गाळ्यात आम्ही. अक्षता आमची मुलगी. ती तेव्हा नुकती धरून धरून चालायला लागली होती. मी सकाळी बालवाडी घ्यायचे आणि दुपारी दुकानात बसायचे. नवऱ्याला मी नावानंच हाक मारते, मिलिंद. सासूबाईंना ते कधी पटलं नाही. "गिऱ्हाइकापुढं तरी अहो म्हणत जा गं नीलिमा," म्हणायच्या.

लालासाहेब मिलिंदचा शाळेपासूनचा दोस्त. त्यांची घरं गावाच्या दोन टोकांना, पण पहिलीत एका बाकावर बसले ते बसलेच. लालासाहेब फौजेत गेला, नाईक होऊन पेन्शनवर परत आला. घरचा ऊस होता, म्हशी होत्या, पण त्याचं मन रमायचं ते आमच्या दुकानात. डेअरीला दूध घातलं की सायकल सरळ आमच्या पायरीशी. मग दोघांचं सुरू. गप्पा म्हणजे कसल्या, एकानं टाकायचं आणि दुसऱ्यानं उचलायचं. चहावाला कप घ्यायला यायचा तो तिथंच टेकायचा.

एके दिवशी मिलिंदनं गंमत म्हणून रेकॉर्डचं बटण दाबलं. लालासाहेब म्हशीचं सांगत होता.

"सोळा वर्सं हुकूम ऐकलं, आता कुनाला तरी द्यावं म्हनलं. गोठ्यात गेलो, म्हशीला म्हनलं, पीछे मुड!"

"मुडली?"

"म्हस न्हाई मुडली. पर शेजारचा रिटायर सुभेदार धार काढत हुता, त्यो चरवीसकट मुडला."

ती कॅसेट हंबीररावानं मागून नेली. हंबीररावाची जीप कोरेगाव ते सातारा वडाप करायची, म्हणजे माणसं कोंबून न्यायची. जीपमध्ये लोक हसले, उतरल्यावर नाव विचारायला लागले. दुसऱ्या जीपवाल्यांनी मागितली. पंधरवड्यातच दर बाजाराच्या दिवशी नवी कॅसेट निघायला लागली. 'मिल्या-लाल्याच्या गप्पा' असं मी स्केच पेननं कव्हरवर लिहायचे. साताऱ्याहून त्या कराडला गेल्या, कराडहून इस्लामपूरला, आणि पुढं कुठं कुठं गेल्या ते आम्हालाही माहीत नव्हतं. एकावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा त्या भरल्या जात होत्या.

एका दुपारी हंबीरराव कॅसेट बदलायला आला आणि मिलिंदला म्हणाला, "तिसरा कोन घेतलाय रं तुमी? बोलत न्हाई, नुसता हसतोय. पर काय हसतोय गड्या!"

"तिसरा कोण? आम्ही दोघंच असतो," मिलिंद म्हणाला.

"मग ह्यो काय तुझा टेप हसतोय व्हय?"

आम्ही ती कॅसेट लावली. त्यात लालासाहेब विचारतो, "मिल्या, वडापच्या जिपात मानसं किती बसत्यात रं?" मिलिंद म्हणतो, "कागदावर नऊ." "आन् हंबीररावाच्या?" "आणखी एक."

त्यानंतर ते हसू आलं.

पुरुषाचं हसू. आधी नाकातनं आलेला एक दबका आवाज, दाबून धरल्यासारखा. मग तो सुटायचा, खदखदा, पोटातनं, थांबायचा, परत सुटायचा. आणि शेवटी दम लागल्यावर माणूस म्हणतो तसं, "बास रं, बास." एवढे तीनच शब्द. ऐकता ऐकता मलाही हसू फुटलं, इतकं ते दुसऱ्याला लागणारं होतं. आणि हसतानाच माझ्या मानेवर काटा आला. कारण ते रेकॉर्डिंग झालं तेव्हा मी समोर अक्षताला भात भरवत बसले होते. दुकानात आम्ही तिघं मोठी आणि ते लेकरू, दुसरं कुणी नव्हतं.

मिलिंद असल्या गोष्टींना मानणारा माणूस नाही. आमच्या घरात दोन पिढ्यांपूर्वीच देव-देव्हाऱ्याबरोबर भूत-भानामतीही बाहेर गेली होती. तो म्हणाला, "जुनी कॅसेट असणार. आधीचं नीट पुसलं गेलं नसेल." त्यानं स्पिरिटच्या बोळ्यानं टेपचा हेड पुसला, नव्या कॅसेटचं कागदी वेष्टण आमच्यासमोर फाडलं आणि परत रेकॉर्ड केलं. हसू आलंच. रिकाम्या दुकानात टेप सुरू ठेवून आम्ही बाहेर उभे राहिलो, तेव्हा नुसती खरखर आली. मिलिंद एकटा बोलला तर काही नाही. लालासाहेब एकटा बोलला तरी काही नाही. दोघं एकमेकांशी बोलले की मात्र तो हजर. नेमका जिथं हसायचं तिथंच हसायचा. एखादी कोटी फसली तर गप्प राहायचा.

लालासाहेबाला त्याचं काही वाटलं नाही. उलट तो खूश झाला. "आपल्याला घरबसल्या पारखी मिळालाय मिल्या. ह्यो हसला न्हाई तर ती गोष्ट काढून टाकायची." मग तो बोलताना त्याच्यासाठी जागा सोडायला लागला. काहीतरी टाकायचा आणि थांबायचा. दुकानात त्या वेळी चिडीचूप असायचं. दोघं टेपच्या फिरणाऱ्या चाकांकडं बघत बसायचे. मग लालासाहेब पुढचं वाक्य घ्यायचा. नंतर लावून बघितलं की ती जागा हसण्यानं भरलेली असायची. मला ते बघवायचं नाही. मी त्या वेळी काहीतरी निमित्त काढून चहाच्या हॉटेलात जायचे.

कॅसेटी मात्र पूर्वीपेक्षा जास्त खपायला लागल्या. लोक आता तिसऱ्यासाठीच ऐकत होते.

मग शालूबाई आल्या.

पन्नाशीच्या बाई, डोक्यावर पदर, हातात वायरची पिशवी. सांगलीहून एसटी बदलत आल्या होत्या. पिशवीतनं त्यांनी आमची एक कॅसेट काढली, कव्हरवर दुसऱ्याच कुणाचं तरी अक्षर होतं.

"ह्ये तुमीच केलंय न्हवं?"

मिलिंद हो म्हणाला. त्या बाकावर बसल्या, पाणी प्यायल्या.

"इस्लामपूरहून भैनीकडनं येत हुते. जिपात ही लावलेली. माज्या पाठीमागं माजा नवरा हसला. मी वळून बघितलं. मागं दोन कॉलेजची पोरं आन् एक म्हातारी. मग ध्यानात आलं, टेपात हसतोय. त्यांचं हसू मी कुटंबी वळखीन. तरुनपनी तंबूत सिनेमा यायचा तवा तंबूवाला त्यांस्नी फुकट आत सोडायचा. का, तर ह्ये हसलं की समदा तंबू हसायचा."

लालासाहेबानं टोपी काढून हातात घेतली. मला वाटलं तेच त्यालाही वाटलं असणार. तो हळू आवाजात म्हणाला, "कवा वारलं वैनी?"

शालूबाईंनी त्याच्याकडं बघितलं. "वारलं न्हाईत. घरात हाइत."

त्यांचे मालक, बापूसो, हळदीच्या बाजारात तोलाई करायचे. दोन वर्षांमागं एका सकाळी दात घासता घासता न्हाणीत पडले. तेव्हापासून अंथरुणावर होते. डोळे उघडे, भरवलं की गिळायचे, पण हात उचलत नाही, मान वळवत नाही, तोंडातनं हूं का चूं नाही. "दोन वर्सं झाली, मी त्या घरात माज्याच आवाजाशी बोलतीया," शालूबाई म्हणाल्या. "आन् ह्ये हितं तुमच्यापाशी येऊन हसत्यात. ह्ये कसं वो?"

मिलिंद म्हणाला, "आम्ही येतो तुमच्या घरी. टेप घेऊन येतो."

अक्षताला सासूबाईंकडं सोडून मीही गेले. का गेले ते सांगता येत नाही. मिलिंदला एकटं पाठवू नये असं वाटलं.

सांगलीत शालूबाईंचं घर हळदीच्या वखारींच्या पाठीमागच्या बोळात. दोन खोल्या, बाहेर तुळस, अंगणात स्वच्छ ऊन. सगळ्या घराला हळदीचा वास. बापूसो खिडकीखाली खाटेवर होते. मोठ्या हाडापेराचा माणूस, पण आता आत आत गेलेला. शालूबाईंनी त्यांची दाढी केलेली होती, केसांना तेल लावलेलं होतं. डोळे छताकडं.

"बघा कोन आलंय. ज्यांच्यापाशी जाता रोज, तीच मानसं हाइत," शालूबाई त्यांच्या कानाशी म्हणाल्या.

लालासाहेब स्टुलावर बसला आणि त्यानं आपली चांगल्यातली चांगली गोष्ट काढली. मिलिंद साथ देत होता. सुभेदार मुडला, जीपमध्ये आणखी एक बसला, पाचगणीला गोऱ्या मडमेनं घोड्याऐवजी लालासाहेबाच्या पाठीवर हात ठेवला. समोर नुसती भिंत. बापूसोंची पापणीसुद्धा जागेवर. लालासाहेब बोलता बोलता घामेजला. बॉर्डरवर असताना इतकी भीती वाटली नव्हती, असं तो मला नंतर म्हणाला.

मग मिलिंदनं टेप सुरू केला आणि त्याच गोष्टी पुन्हा सांगितल्या. खोलीत काही फरक पडला नाही. बापूसोंचं तोंड मिटलेलंच होतं, आम्ही चौघंही त्याच्याकडंच बघत होतो. कॅसेट मागं गुंडाळून लावली तर हसू असं जवळ आलं की शालूबाईंनी दचकून खाटेकडं बघितलं. आतापर्यंत ते दुकानाच्या कोपऱ्यातनं आल्यासारखं असायचं. आता अगदी माईकला ओठ लावल्यासारखं. मधला श्वाससुद्धा ऐकू येत होता.

शालूबाई खाटेच्या कडेला बसल्या, पदर तोंडात धरून रडायला लागल्या. "हसा," त्या म्हणत होत्या, "हसा, हसा."

त्यांना धीर द्यावा म्हणून मी जवळ गेले, आणि त्यांना कवेत घेताना माझा हात बापूसोंच्या छातीवर टेकला.

सदऱ्याखाली बरगड्या थरथरत होत्या.

वरून दिसत नव्हतं. चेहरा दगडासारखा. पण हाताखाली ते स्पष्ट कळत होतं. आधी एक दबका हिसका, मग गदगदा हलणं, थांबणं, परत हलणं. टेपमधल्या हसण्याबरोबर. मी मिलिंदला म्हटलं, "बंद कर." त्यानं बंद केलं. बरगड्या थांबल्या. "लाव." लावलं. पुन्हा हलायला लागल्या. मिलिंदनं स्वतःचा हात ठेवून बघितला. मग लालासाहेबानं. टेप बंद करून आम्ही चहा घेतला.

चहा पिताना शालूबाई सांगत होत्या. अलीकडं मालकांना काहीतरी होतं, जेवण पोटात ठरत नाही, ठसका लागतो, पाणी नाकात जातं. अंग आतल्या आत थरथरतं. डॉक्टर म्हणाले आकडी आहे, गोळ्या दिल्या. "आधी कवातरी व्हायचं. आता सकाळी सुरू हुतंय ते दिवस मावळंस्तवर चालतंय. घास भरवू कवा आन् थांबू कवा, काय कळत न्हाई. मानूस नुसता वाळत चाललाय."

मिलिंदनं कप खाली ठेवला. उठून तो खाटेपाशी गेला, छातीवर हात ठेवून उभा राहिला. टेप बंद होता, वायर काढून ठेवलेली मला दिसत होती.

"हलतायत," तो म्हणाला.

बराच वेळ तो तसाच उभा होता. मग त्याचे ओठ हलायला लागले. आधी मला वाटलं तो काही मोजतोय. जवळ गेल्यावर ऐकू आलं. तो गप्पा म्हणत होता, स्वतःच्या आणि लालासाहेबाच्या दोघांच्याही. "सोळा वर्सं हुकूम ऐकलं... गोठ्यात गेलो... म्हस न्हाई मुडली... त्यो चरवीसकट मुडला." इथं थांबला. त्याच्या हाताखाली सदरा किंचित उडताना मी डोळ्यांनी बघितला. मिलिंद पुढचं म्हणत गेला, आणि गोष्टीत ज्या ज्या जागी हसू येतं, त्या त्या जागी त्या मिटल्या तोंडाच्या माणसाच्या बरगड्या गदगदत होत्या.

मिलिंद माझ्याकडं वळला.

"म्हशीची कॅसेट आहे," तो म्हणाला. "कुठंतरी लागलीये."

भर दुपार होती. बाहेर बोळातनं हळदीच्या पोत्यांची गाडी चालली होती. आमच्या मनात एकच आलं. सातारा, कराड, इस्लामपूर, रहिमतपूर, महाबळेश्वरच्या टॅक्सी, साखर कारखान्यांच्या दारातली हॉटेलं. जिथं जिथं ती कॅसेट लागत होती तिथं तिथं लोक हसत होते, आणि इथं खाटेवर हा माणूस प्रत्येकाबरोबर हसत होता. एका जीपमध्ये संपलं की दुसऱ्या जीपमध्ये. एका वेळी दोन ठिकाणी लागली तर काय होत असेल, याचा विचार मला करवेना.

मिलिंदनं शालूबाईंना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मंजे त्येंला त्रास हुतोय?"

"ठसका त्यानंच लागतोय. आम्ही नव्या काढणार नाही. जुन्याही गोळा करून पुसून टाकतो."

"पुसल्यावर हसायचं थांबंल?"

"असं वाटतंय."

शालूबाई उठल्या, मोरीपाशी गेल्या आणि आमचे कप घासायला लागल्या. कप स्वच्छ झाले तरी घासतच राहिल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मला नगं म्हनवत न्हाई वो. दोन वर्सांनी मानूस हसलाय. तुमी नव्या काडू नका. पन हाइत त्या ऱ्हाऊ द्या."

परतीच्या गाडीत लालासाहेब खिडकीला डोकं टेकवून बसला होता. कराडला गाडी बदलताना म्हणाला, "मिल्या, त्यो काय म्हनतोय ध्यानात आलं का तुज्या? बास रं बास. आपन म्हनत हुतो हसून हसून म्हनतोय."

चार-सहा दिवसांतच शेजारच्या एसटीडी बूथमधनं हाक आली. सांगलीहून शालूबाईंचा फोन होता. मी घेतला.

"उचलून आना समद्या," त्या म्हणाल्या. "कालपास्नं दूधबी ठरलं न्हाई. मी छातीवर हात ठिवून बसलेय. थांबतच न्हाई. किती ठिकानी लावता वो तुमी?"

मग सुरू झालं गोळा करणं. हंबीररावाला मिलिंदनं खरं ते सांगितलं. त्यानं आधी मिलिंदच्या तोंडाचा वास घेतला. पण लालासाहेबाकडं बघितल्यावर त्याची थट्टा करायची इच्छा गेली. त्यानं आपल्याकडच्या सगळ्या कॅसेटी आणून दिल्या आणि साताऱ्याच्या जीपवाल्यांना गाठलं. बाकीच्यांना आम्ही खरं सांगितलं नाही. रेकॉर्डिंगमध्ये खराबी आहे, परत द्या, बदल्यात पाहिजे ती गाणी भरून देतो, असं सांगत मिलिंद आणि लालासाहेब गावोगाव फिरले.

पहिली कॅसेट पुसायची वेळ आली तेव्हा मिलिंदचा हात थांबला. पुसली म्हणजे त्या माणसाचं काय पुसलं जाईल, कुणी सांगावं? शेवटी मी बूथवरनं सांगलीला शालूबाईंच्या शेजारच्या दुकानात फोन लावला, त्यांना बोलावून घ्यायला लावलं. त्या फोनवर आल्यावर मिलिंदनं इकडं बटण दाबलं. शालूबाईंनी दुकानातल्या पोराला बापूसोंच्या छातीवर हात ठेवून बघायला घरात पिटाळलं. मग म्हणाल्या, "निजल्यात. शांत हाइत."

लोक सहजासहजी द्यायला तयार नव्हते. रहिमतपूरचा हॉटेलवाला म्हणाला, "तुमच्या दोघांत काय दम न्हाई हो. तिसऱ्यासाठी ठेवलीय मी. त्याला एकट्याला घेऊन काडा की एखादी." कराडच्या एका ड्रायव्हरनं तर लालासाहेबाला ओळखून गाडीतल्या बायकामाणसांसमोर आग्रह केला, "लाल्या, एक तरी सांग." लालासाहेबानं हात जोडले. त्या ड्रायव्हरला वाटलं हीच काहीतरी नक्कल आहे, आणि सगळी गाडी हसली.

पावसाळा संपेपर्यंत बऱ्याच परत आल्या होत्या. शालूबाईंचा फोन यायचा. दूध ठरतंय. भाताची पेज घेतली. आता दिवसातनं एखाद्या वेळेला हलतंय. मग, चार दिवस झाले, काहीच नाही. दर वेळी त्या बरं झालं म्हणायच्या आणि बोलणं संपलं तरी फोन लवकर ठेवायच्या नाहीत.

दिवाळीच्या आसपास त्या स्वतःच कोरेगावला आल्या. स्वतःकडची कॅसेट त्यांनी पुसायला देऊन टाकली होती, आता त्यांना एक परत पाहिजे होती.

"लावनार न्हाई रोज," त्या म्हणाल्या. "त्येंची तब्येत बरी आसंल तवाच, आन् त्येबी एक-दोन गोष्टी, मंग बंद. मी हात ठिवून बसंन. समद्या मुलखानं ऐकलं त्येंचं हसू. मला घरात एवडं तरी नगं का?"

मिलिंद माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "दे." सांगलीच्या त्या दुपारी भरलेली, अगदी जवळनं हसू आलेली कॅसेट त्यानं काढून दिली. परत आलेल्या बाकीच्या सगळ्या तोपर्यंत पुसल्या होत्या, त्यांच्यावर लग्नातल्या बँडची आणि भजनांची गाणी चढली होती.

लालासाहेब दुकानात येतच राहिला. पण आता दोघं बोलायला बसले की मध्येच थांबायचे. पूर्वी तो थांबा तिसऱ्याच्या हसण्यासाठी असायचा. आता दोघांनाही उगाच वाटायचं, कुणीतरी आत ऐकतंय. टेप बंद असला तरी. मिलिंदनं शेवटी तो टेपच विकून टाकला आणि दुकानात रेडिओ-मिक्सर दुरुस्ती सुरू केली.

उन्हाळ्यात बापूसो गेले. निरोप उशिरा मिळाला, आम्ही पोचलो तोवर दिवसकार्यही होऊन गेलं होतं. खाट अंगणात उभी करून ठेवली होती. शालूबाईंनी आम्हाला आत बसवलं, लालासाहेबाला पाणी दिलं आणि विचारायच्या आधीच सांगायला सुरुवात केली.

"सकाळी बरं हुतं. पेज घेतली. अंग पुसलं. मग हलायला लागलं."

"तुम्ही कॅसेट लावली होती?" मिलिंदनं विचारलं.

"न्हाई वो. ती ट्रंकंत हाय, कुलपात. मी काडलीबी न्हवती. कुटंतरी आसंल एखादी ऱ्हायलेली. कुनीतरी लावली." त्या आपल्या तळहाताकडं बघत होत्या. "लय दिसांनी हलत हुतं. मी आपला हात ठिवला. म्हनलं, हसा. लांबलचक चाललं. थांबायचं, परत व्हायचं. त्येंचं तोंड बघत हुते, तर श्वास बारीक व्हायला लागला. मी हाका मारल्या. शेजारीन आली. तिनं नाकाफुडं बोट धरलं आन् मान हलवली."

लालासाहेबानं तांब्या खाली ठेवला.

"श्वास संपला, पन माज्या हाताखाली बरगड्या हलत हुत्या. शेजारनीला सांगितलं तर ती भ्याली, भायेर पळाली. मी न्हाई काडला हात. मेलेल्या मानसाच्या बरगड्या हलत हुत्या, हसल्यावानी. बराच येळ. मग एकदम टप करून थांबल्या. मंजे कॅसेटची एक बाजू संपली आसंल."

मिलिंदनं विचारलं, "त्या बाजूला कोणती गोष्ट होती, कळलं का तुम्हाला? मी शोधतो. कुणी लावली ते मी शोधून काढतो."

"नगं," शालूबाई म्हणाल्या. "त्येंला काय बोलू नका. त्यांस्नी काय ठावं? ती मानसं हसत आसत्याल."

त्यांनी आम्हाला जेवायला वाढलं. आमटी, भाकरी, वांग्याची भाजी. लालासाहेब मान खाली घालून जेवला. मिलिंदनं भाकरी दुसऱ्यांदा मागून घेतली, तेव्हा शालूबाईंना जरा बरं वाटल्यासारखं दिसलं.